बागेत पिझ्झा न्यायचा तर कसा? बेळगाव आणि आसपासच्या जाणकारांनी सांगा

अनगोळवाली
नमस्कार मंडळी. चार मोठी माणसं आणि सहा ते अकरा वर्षांची तीन मुलं, असा सात जणांचा बेत आहे. संध्याकाळी गावातल्याच एखाद्या बागेत बसून पिझ्झा खायचा. गॅस, शेगडी काही न्यायचं नाही. घरी ओटीजी (विजेची छोटी भट्टी) आहे, लोखंडी तवा आहे. घरून केलेला पिझ्झा बागेत पोचेपर्यंत खालून ओला आणि वरून चिवट होतो अशी सगळ्यांचीच तक्रार असते. तसं का होतं आणि काय केलं तर होत नाही, ते हवंय. मापं ग्रॅममध्ये दिलीत तर फार बरं होईल. बाग कुठली, किती वाजता जायचं, बरोबर काय घ्यायचं, तेही येऊ दे.

भट्टीवाला
ताई, आधी एक गोष्ट ठरवून टाका: पिझ्झा गरम न्यायचा हट्ट धरायचा नाही. गार झाल्यावरही चांगला लागेल असाच पिझ्झा करायचा. म्हणजे पातळ गोल नव्हे, तर ट्रेमध्ये भाजलेला, बोटभर जाड, चौकोनी तुकड्यांचा. रोममध्ये असा ट्रेमधला पिझ्झा कात्रीनं कापून वजनावर विकतात. बेकरीच्या पावासारखा तो तासा-दोन तासांनीही मऊच राहतो.

आता ओला का होतो ते बघा. भट्टीतून निघालेल्या पिझ्झातून पुढची वीसेक मिनिटं वाफ निघत असते. तो ट्रेमध्येच राहिला तर तळाच्या वाफेला वाट मिळत नाही, ती तिथंच पाणी होऊन बूड भिजवते. गरम असतानाच डब्यात भरला तर वाफ झाकणाला लागते आणि थेंब होऊन परत खाली पडते. दोष पिठाचा नसतो, घाई नडते. चिवटपणाचं कारण वेगळं. मोझरेला गार झालं की त्यातली चरबी गोठते, प्रथिनांची जाळी आवळते आणि ते रबरासारखं लागतं. म्हणून नुसतं मोझरेला भरमसाट घालू नका. दोन भाग मोझरेला आणि एक भाग साधं प्रोसेस्ड चीज असं मिश्रण घ्या. प्रोसेस्ड चीजमध्ये पायसकारी क्षार, म्हणजे चरबी आणि पाणी एकजीव ठेवणारे क्षार असतात, त्यामुळे ते गार झाल्यावरही मऊ राहतं.

ओटीजीचे ट्रे सगळ्यांचे सारखे नसतात, म्हणून आधी पट्टी घेऊन तुमचा ट्रे मोजा. लांबी गुणिले रुंदी, सेंटिमीटरमध्ये. येईल त्याला ०.७ ने गुणा. तेवढे ग्रॅम मळलेलं पीठ लागतं. ३० बाय २५ चा ट्रे असेल तर ७५० गुणिले ०.७, म्हणजे साधारण ५२५ ग्रॅम. त्यासाठी:

मैदा ३०० ग्रॅम
पाणी २०० मिली
मीठ ६ ग्रॅम (सपाट छोटा चमचा)
इन्स्टंट यीस्ट ३ ग्रॅम (हाही सपाट छोटा चमचा)
तेल १५ मिली, शिवाय ट्रेला लावायला आणखी मोठा चमचाभर

हे पीठ चपातीच्या कणकेसारखं होणार नाही, हाताला चिकटेल. चिकटतंय म्हणून वरून मैदा घालत बसू नका. पाणी कमी झालं की गार पिझ्झा वातड होतो. सगळं कालवून दहा मिनिटं झाकून ठेवा. मग हात तेलाचा करून चारी बाजूंनी ओढून मध्ये दुमडा, वीस मिनिटं थांबा, परत दुमडा. असं तीनदा केलं की तेच पीठ गुळगुळीत होतं, मळायची गरजच पडत नाही. मग दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवा. एप्रिल-मेमध्ये तासाभरात फुगतं, डिसेंबरच्या गारठ्यात दोन तास लागतात. घड्याळापेक्षा भांड्याकडे बघा.

ट्रेला सढळ तेल लावून पीठ त्यात ओता आणि बोटांच्या टोकांनी कोपऱ्यांपर्यंत दाबत न्या. परत आखडायला लागलं तर जबरदस्ती नको, दहा मिनिटं तसंच सोडा, मग आपोआप पसरतं. ट्रेमध्ये अर्धा तास विसावा. ओटीजी २३० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवून ठेवा.

भाजायचं दोन टप्प्यांत. आधी नुसता सॉस लावून खालच्या खाचेत १२ मिनिटं. मग बाहेर काढून चीज आणि भाज्या घालायच्या, मधल्या खाचेत ८ ते १० मिनिटं. सगळं एकदम घालून भाजलं की वरचं चीज करपतं आणि मधलं पीठ कच्चं राहतं. कच्चं राहिलेलं गरम असताना कळत नाही, गार झालं की दातांना चिकटतं. उलथन्यानं कडा उचलून बूड बघा. तांबूस, कोरडं आणि टणक असलं पाहिजे.

काढल्याबरोबर ट्रेमधून जाळीवर सरकवा. जाळी नसेल तर ओटीजीचीच जाळी दोन वाट्यांवर ठेवा. खालून हवा खेळली पाहिजे, मुद्दा तेवढाच. अर्धा तास अजिबात झाकू नका. कोमट झाल्यावर कात्रीनं १२ तुकडे करा, चार बाय तीन. मग पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये बटर पेपर घालून एकाच थरात मांडा. दोन थर करायचेच असतील तर मध्ये बटर पेपर हवाच.

मोठ्या माणसाला तीन आणि मुलाला दोन तुकडे धरले तर तुमचे १८ होतात. म्हणून दोन ट्रे करा, दोन्हीचं पीठ एकदम भिजवलं तरी चालतं. दुसरा अर्धा भाग, पहिला ट्रे भाजेपर्यंत, फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर फुगून बसेल.

टिळकवाडी_दुसरं_गेट
भट्टीवाले दादांचं बरोबर आहे, पण गरम पिझ्झा अगदीच अशक्य नाही. घर ते बाग दहा-पंधरा मिनिटांचं अंतर असेल तर असं करा. लोखंडी तवा मध्यम आचेवर पाच मिनिटं तापवा, जुन्या जाड टॉवेलमध्ये दोन-तीन घड्यांत गुंडाळा आणि कापडी पिशवीच्या तळाला आडवा ठेवा. त्यावर पिझ्झाचा बॉक्स, त्यावर आणखी एक टॉवेल. अर्धा तास तरी पिझ्झा चांगला कोमट राहतो, चीज गोठत नाही. बॉक्सच्या बाजूंना पेन्सिलीनं चार-सहा भोकं पाडा, म्हणजे वाफ कोंडत नाही. तव्याला प्लास्टिक कुठंच लागू देऊ नका, आणि ही पिशवी मुलांच्या मांडीवर द्यायची नाही.

चपात्यांच्या हॉटपॉटमध्ये मात्र पिझ्झा कधीच भरू नका. गरम राहतो, पण दहा मिनिटांत लगदा होतो.

दुचाकीवरून नेत असाल तर बॉक्स पायाजवळच्या फळीवर आडवाच ठेवा. पिशवी हँडलला अडकवली की पिझ्झा उभा होतो आणि सगळं चीज एका कडेला येऊन बसतं.

बाहेरून मागवणाऱ्यांसाठी: बागेच्या नावावर ऑर्डर टाकू नका, फाटक सांगा. एकाच बागेला दोन-तीन फाटकं असतात आणि डिलिव्हरीचा मुलगा मागच्या बाजूला उभा राहतो. नकाशावरची खूण हातानं सरकवून फाटकावर आणा आणि फाटकाजवळच्या दुकानाची किंवा चौकाची खूण लिहा. पातळ पिझ्झा पंधरा-वीस मिनिटांत चामड्यासारखा होतो, म्हणून बागेत खायचा असेल तर जाड पॅनवालाच मागवा.

मापाच्या बाबतीत पुष्कळांची फसगत होते. दोन आठ इंची म्हणजे एका बारा इंचीएवढे असं वाटतं, पण तसं नाही. आठ इंचीचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस इंच, बारा इंचीचं ११३. म्हणजे एक मोठा दोन लहानांपेक्षा जास्त भरतो. भाव बघताना हा गुणाकार करूनच ठरवा.

भट्टीवाला
तव्याची युक्ती पक्की आहे दादा. फक्त पिझ्झा आधी पाच-सात मिनिटं जाळीवर ठेवून मग बॉक्समध्ये घाला. पहिल्या जोराची वाफ निघून गेली की उरलेली भोकांतून जाते.

शहापूर_खडेबाजार
सॉसबद्दल कोणी बोललं नाही, आणि निम्मा ओलावा तिथूनच येतो. ट्रेमागे अर्धा किलो टोमॅटो. लांबट, गराचे घ्या, गावठी आंबट टोमॅटोला पाणी फार सुटतं. उकडून सालं काढा, चिरा. दोन मोठे चमचे तेलात चार लसूण पाकळ्या ठेचून घाला, मग टोमॅटो, मीठ, चिमूटभर साखर. झाकण न ठेवता आटवा. कढईच्या बुडावर उलथनं ओढलं की रेघ दोन-तीन सेकंद तशीच राहिली पाहिजे. लगेच पाणी भरून आलं तर अजून आटवायचं. अर्धा किलोचा साधारण दीड वाटी सॉस होतो. एका ट्रेला वाटीभर पुरे, उरलेला बाटलीत भरून बरोबर न्या, मुलं लावून खातात.

चिली फ्लेक्सची पुडी कशाला शोधता? दहा-बारा ब्याडगी मिरच्या देठं आणि बिया काढून तव्यावर मंद आचेवर कुरकुरीत करा आणि खलबत्त्यात भरड कुटा. रंग लालभडक येतो, तिखटपणा बेताचा, त्यामुळे मुलांनाही चालतं. ओरेगॅनो नसेल तर पत्ती ओव्याची दोन कोवळी पानं अगदी बारीक चिरून सॉसमध्ये घाला. दोघांच्या वासामागचा मुख्य घटक एकच, कार्व्हाक्रॉल. दोनच पानं, जास्त झाली तर काढा प्यायल्यासारखं लागतं. आणि सब्जाचं रोप असेल तर त्याची पानं म्हणजे बेसिलच. ती भाजताना घालू नका, काळी पडतात. बागेत पोचल्यावर हातानं तोडून वरून टाका.

भाज्यांचं: ढबू मिरची, कांदा, मशरूम कच्चे घातले तर भाजताना पाणी सोडतात. ढबू आणि कांदा दोन-तीन मिलीमीटर पातळ कापा, मीठ लावू नका. मशरूम मात्र मोठ्या आचेवर कोरडे होईपर्यंत परतूनच घाला. टोमॅटोच्या चकत्या घालायच्या असतील तर बिया काढून, फडक्यावर दहा मिनिटं पसरून. पनीर किसू नका, चुरा भाजताना कोरडा होतो. सेंटिमीटरभराचे तुकडे करून तेल-मिरचीत घोळवा.

आपल्याकडे नवरात्रापासून रताळी भरपूर येतात. अर्धवट उकडून अर्धा सेंटिमीटर जाड चकत्या करा, तेल-मीठ-ब्याडगी लावून तव्यावर दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजा आणि पिझ्झावर मांडा. गार पिझ्झावर याच्याइतकं चांगलं टॉपिंग नाही: पाणी सुटत नाही, गार झालं तरी चव उतरत नाही, आणि गोडसर असल्यानं लहान मुलं निवडून बाजूला काढत नाहीत. सोबत लांब चिरलेला कांदा आणि थोडं चीज, बस्स.

निपाणीकर_वहिनी
ज्यांच्याकडे ओटीजी नाही त्यांनी काय करायचं तेही सांगते. बेकरीतला तयार बेस आणा, पण आणल्या दिवशीच वापरा. सॉस लावायच्या आधी दोन्ही बाजूंना तेल लावून तव्यावर एकेक मिनिट शेकून घ्या. शेकलेल्या बेसवर तेलाचा पातळ थर बसतो आणि सॉस आत झिरपत नाही. कोरड्या बेसवर थेट सॉस ओतला की स्पंजासारखा पितो.

घरच्या पिठाचा तव्यावर करायचा असेल तर २६ सेंटिमीटरचं जाड बुडाचं पॅन घ्या आणि २०० ग्रॅमचा गोळा. पॅनला चमचाभर तेल, गोळा हातानं थापून मंद आचेवर झाकण ठेवून चार-पाच मिनिटं. उलटा. भाजलेल्या बाजूवर सॉस, चीज, भाज्या. परत झाकण, आणखी पाच-सहा मिनिटं. झाकणाला जमलेलं पाणी पिझ्झावर पडतं, म्हणून झाकणाला सुती फडकं बांधा, टोकं वर घेऊन, मोदक उकडताना बांधतो तसं. शेवटचं मिनिटभर झाकण काढून टाका.

ओटीजी चालू असताना लाईट गेली तर दार उघडू नका. दहा मिनिटं आतली धग पुरते. नाहीच आली तर हाच तव्याचा मार्ग: ट्रेसकट तव्यावर ठेवून वर परात झाका.

मुलांसाठी तिसरी पद्धत सगळ्यात सोपी. घरी नुसते छोटे बेस, चार-पाच इंची, दोन्हीकडून खमंग भाजून न्यायचे. सॉस बाटलीत, उकडलेले मक्याचे दाणे, पनीर, काकडी, बिया काढलेला टोमॅटो, किसलेलं प्रोसेस्ड चीज, सगळं वेगवेगळ्या डब्यांत. बागेत चटईवर मांडायचं आणि ज्यानं त्यानं आपापला लावायचा. वितळवायचं काही नाही, ओलं होण्याचा प्रश्नच नाही. सात जणांना चौदा बेस आणि दोन वाट्या सॉस पुरतो. भांडण होतं ते मक्यावरून, दाणे दीड पट न्या.

चिकोडीची_अक्का
वहिनींची शेवटची पद्धत आमच्याकडच्या जैन मंडळींना फार सोयीची. कांदा-लसूण नको असेल तर सॉसमध्ये लसणाऐवजी चिमूटभर हिंग आणि किसलेली ढबू मिरची आधी परतून घाला, चव पोकळ वाटत नाही. टॉपिंगला कच्च्या केळ्याच्या परतलेल्या चकत्या, मका, ऑलिव्ह, पनीर. रताळं, बटाटा जैनांना चालत नाही, हे खडेबाजारवाल्यांच्या यादीतून वगळा. चीज घेताना पाकिटावर हिरवी खूण बघा; काही परदेशी चीज करताना वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारं द्रव्य) वापरतात. आणि बरेच लोक सूर्यास्तानंतर खात नाहीत. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, तेव्हा पाचला खायला बसलं पाहिजे.

गव्हाचं पीठ वापरणाऱ्यांसाठी: निम्मा मैदा, निम्मी कणीक घेतली तर गव्हाच्या दर १०० ग्रॅमला १० ते १५ मिली पाणी जास्त घाला, कोंडा पाणी ओढतो. सगळं गव्हाचंच केलं तर गार झाल्यावर भाकरीसारखं तुटतं. नाचणी १५ टक्क्यांच्या वर नको, फुगणं बंद होतं. ज्वारीत ग्लुटेन (पिठाला ताण देणारं प्रथिन) नाही, तिचा फुललेला पिझ्झा होत नाही, उगाच पीठ वाया घालवू नका.

किल्ला_फिरस्ता
जागेचं मी सांगतो. बसून खायला परवानगी आहे का, हे फाटकावरच्या फलकावर आधी वाचा. कुठं बाहेरचं खाणं चालतं, कुठं नाही, कुठं दुपारी फाटक बंद असतं. फलक नाही कळला तर रखवालदाराला सरळ विचारा, "इल्ली ऊट माडबहुदा?" (इथं जेवता येईल का?) नीट विचारलं की बहुतेक जण स्वतःच सावलीची जागा दाखवतात. चूल, शेगडी, सिलिंडर कुठल्याच बागेत नेऊ नका. वाळलेल्या पाचोळ्याला ठिणगी पुरते.

किल्ला तलावाच्या काठी संध्याकाळी वारा चांगला, पण उघड्यावर असल्यानं कागदी प्लेटा, बटर पेपर उडतात. तिथला उंच झेंडा, ११० मीटरचा खांब, लांबूनच दिसतो. तो जोरात फडकत असेल तर झाडांच्या आडोशाला बसा आणि चटईची चारी टोकं पाण्याच्या बाटल्यांनी दाबा. मध्यवर्ती बसस्थानक जवळ असल्यानं गावाहून येणाऱ्या पाहुण्यांना सोपं पडतं. खाऊन झाल्यावर मुलांना किल्ल्यातली कमल बस्ती दाखवा, १२०४ सालचं, रट्ट राजांच्या काळातलं जैन मंदिर आहे, छताचं दगडी कमळ बघण्यासारखं. खाण्याचं काही आत न्यायचं नाही.

शहापूर बाजूचं शिवाजी उद्यान मुलांसाठी सोयीचं. व्हॅक्सिन डेपोच्या आवारात झाडी दाट, गारवा भरपूर, पण सकाळ-संध्याकाळ चालणाऱ्यांची वर्दळ असते. वाटेवर चटई पसरू नये. मिलिटरी महादेवाला गेलात तर ते देवस्थान आहे हे लक्षात ठेवा: आधी विचारायचं, आणि अंडं-चिकनवालं काही न्यायचं नाही. टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीपाशी खायला बसायचं नसतं, पण येता-जाता मुलांना थांबवून सांगा की १९२४ च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन झालं, आणि गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन.

जागा निवडताना फळांचं झाड टाळा. मे-जूनमध्ये आंबा-जांभळाखाली बसलात तर मुंग्या, माश्या आणि डाग तिन्ही येतात. उघड्या मैदानात घारी हातातला तुकडा उचलतात, खास करून चिकनचा. झाडाखाली बसलं की तो धोका जातो. कुत्र्यांना पहिला तुकडा टाकला की मग जेवण संपेपर्यंत ती हलत नाहीत, म्हणून टाकायचाच नाही. बॉक्स एका वेळी एकच उघडायचा, दुसरा पिशवीत झाकलेला.

आजी-आजोबा बरोबर असतील तर फाटकापासून बसायच्या जागेपर्यंत पायऱ्या किती, बाक जवळ आहे का आणि स्वच्छतागृह उघडं आहे का, हे आदल्या दिवशी एक चक्कर मारून बघून या. बाक नसेल तर घडीची खुर्ची न्या. खाली बसवून नंतर उठवण्यात त्यांचे हाल होतात.

खानापूरकर
हवामानाचं जोडतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीन-चारनंतर वळवाचा भरवसा नाही, त्या दिवसांत सकाळी नऊ ते अकरा धरा. पीठ रात्री भिजवा: यीस्ट ३ ऐवजी १ ग्रॅम, पाणी फ्रीजमधलं, तासभर बाहेर ठेवून मग रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी साडेपाचला काढून ट्रेमध्ये, साडेसातला भट्टीत. रात्रभर मुरलेल्या पिठाची चवही सरस असते. जून ते सप्टेंबर बागेतली जमीन आतून ओली असते, वरून कोरडी दिसली तरी. नुसती चटई भिजते. खाली ताडपत्री किंवा उसवलेली खताची पोती धुऊन, वर चटई. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात उत्तम, फक्त सकाळी नऊपर्यंत गवतावर दव असतं.

रविवारपेठ
चिकन किंवा गोव्याचं सॉसेज घालणार असाल तर हे वाचाच. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये दोन तासांहून जास्त राहू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तास. भट्टीतून काढल्यापासून वेळ धरायचा, बागेत पोचल्यापासून नव्हे. भट्टीवाल्यांच्या पद्धतीत अर्धा तास जाळीवरच जातो, म्हणून उन्हाळ्यात साधा भाजीचाच करा. सॉसेज कच्चं घालू नका, आधी बारीक करून पूर्ण परता आणि सुटलेलं तेल निथळा, नाहीतर ते तेल पिझ्झात उतरतं. मेयोनीज उन्हाळ्यात नकोच. पनीर, किसलेलं चीज, काकडी नेताना अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या पाणी रात्री गोठवून त्याच पिशवीत ठेवा. येताना तेच पाणी प्यायला होतं.

पिझ्झा वर्तमानपत्रात गुंडाळू नका. तेलात शाई उतरते, आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणानंही त्याबद्दल बजावलेलं आहे.

अनगोळवाली
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नेमकं कुणी सांगत नाही. दोन प्रश्न राहिले. बॉक्स कुठून आणायचे? आणि दुकानात इन्स्टंट यीस्ट मिळालं नाही, गोल दाण्यांचं मिळतंय, ते चालेल का?

टिळकवाडी_दुसरं_गेट
बॉक्सला मिठाईच्या दुकानात एक किलोचे घडीचे पुठ्ठ्याचे बॉक्स सुटे मागा. एकात सहा तुकडे एका थरात बसतात, तुमच्या दोन ट्रेना चार. आत बटर पेपर घाला आणि मिठाईच्या वासाचा जुना बॉक्स वापरू नका, पिझ्झाला वेलदोड्याचा वास लागतो. प्लेटा-चमचे घरचे स्टीलचेच न्या. एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या प्लेटा आणि चमच्यांवर कर्नाटकात २०१६ पासून बंदी आहे, आणि देशभर १ जुलै २०२२ पासून. तेल लागलेला पुठ्ठा रद्दीत जात नाही, चीज लागलेला भाग फाडून ओल्या कचऱ्यात, कोरडा सुक्यात. बागेतली कुंडी भरलेली असेल तर पिशवीत घालून घरी आणा. घरून दोन पिशव्या न्या, तिथं शोधत बसू नका.

भट्टीवाला
गोल दाण्यांचं म्हणजे ॲक्टिव्ह ड्राय यीस्ट, चालतं. ते थेट मैद्यात घालायचं नाही. ३ ऐवजी ४ ग्रॅम घ्या, मोजलेल्या २०० मिलीपैकी ५० मिली पाणी कोमट करा, बोट बुडवल्यावर सुखद वाटेल एवढंच, त्यात अर्धा चमचा साखर आणि यीस्ट. दहा मिनिटांत वर फेस आला तर जिवंत आहे. फेस आला नाही तर ते पाकीट टाकून द्या, पुढे मैदा वाया जातो. पाणी कढत झालं तर यीस्ट मरतं, शंका आली तर थोडं गारच घ्या, वेळ जास्त लागेल एवढंच. उघडलेलं पाकीट चिमटा लावून, हवाबंद डब्यात, फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर ठेवलं तर आपल्या पावसाळ्यात लवकर सर्दावून निकामी होतं.

आणि ताई, दोन ट्रे एकाच ओटीजीत पाठोपाठ भाजणार असाल तर मधल्या वेळात परत २३० अंश गाठायला पाच-सात मिनिटं द्या. दार उघडलं की धग निघून जाते आणि दुसरा ट्रे खालून पांढरा राहतो. संध्याकाळी पाचला खायचं असेल तर पीठ दुपारी बाराला भिजवा, पहिला ट्रे पावणेतीनला आत, दुसरा सव्वातीनला, सव्वाचारला कापून बॉक्समध्ये, साडेचारला घरातून निघायचं.